म्हसकोंडीवर हात धुवू नये

ऐका. लवू घाडी जीप घेऊन निघाला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. हौसेने कोणी निघत नाही अशा वेळी. त्याच्या भावोजींना, भिकाजीला, भाताची पेंढी उचलताना फुरसं चावलं होतं. भिकाजी मागच्या सीटवर आडवा, डोकं बायकोच्या मांडीवर. बायको म्हणजे शेवंती, लवूची धाकटी बहीण. सापावरची लस तालुक्याच्या दवाखान्यात. वेळेत पोचायचं, एवढंच काम.

वाटा दोन. एक घाटीवरून, लांबची. दुसरी म्हसकोंडीच्या कॉजवेवरून. म्हसकोंड म्हणजे कॉजवेखालचा तो डोह. तिथे गिऱ्हा आहे. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत. ते पाण्यातच असतं, वर येऊन कुणाला धरत नाही. आपण पाण्याला हात लावायचीच ते वाट बघतं. हे लवूला माहीत नव्हतं असं नाही.

"दादा, घाटीने चल," शेवंती म्हणाली.

"घाटीने गेलो तर तुझ्या कपाळावर कुंकू राहील का गो? गप बस."

गेला कॉजवेने. आणि बरोबर मध्यावर गाडीने दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला, बसली.

"काय झालं रे?"

"डिझेलात पाणी असणार. संध्याकाळी तिठ्यावरच्या पंपावर भरलं ना. परतीचा पाऊस शिरला असेल त्यांच्या टाकीत."

लवू घाबरला नाही. काम सवयीचं. बॉनेट उघडलं, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं, म्हणून आधी पाणी येतं. आलं. मग डिझेल आलं तसा स्क्रू आवळला, हातपंप मारून हवा काढली. गाडी सुरू झाली. चार हात पुढे गेली आणि पुन्हा बंद.

पुन्हा स्क्रू. पुन्हा पाणी. आता फिल्टरमध्ये मावतं त्याहून जास्त. गाडी पुन्हा चार हात, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लवूने बॅटरीचा उजेड खाली धरला. सांडलेल्या पाण्यात तांदळाएवढं मासळीचं पिल्लू वळवळत होतं.

आता सांगा, डिझेलच्या टाकीत मासा कुठून येणार? लवूनेही स्वतःला हेच विचारलं. पण विचार करत बसायला वेळ कुठे होता? मागे भिकाजीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"हवा निघाली बघ आता. होईल सुरू."

खालून आवाज आला. कॉजवेच्या कडेला धुणं धुवायचा दगड आहे, त्याच्या पुढे गुडघाभर पाण्यात माणूस उभा. अंगात पंपावरच्या पोरांचा असतो तसा निळा शर्ट.

"कोण रे तू?"

"पंपावरचाच. तुझ्यासारख्या किती गाड्या बसल्या आज. शिव्या खाऊन कान किटले."

लवूला बरं वाटलं. अशा जागी माणूस दिसला की वाटतंच. तो गाडीत चढायला वळला.

"अरे, त्या हातांनी स्टिअरिंग धरणार? समोर गणपती बसवलायस ना?"

आपल्याकडच्या ड्रायव्हरांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. इंजिनात हात घातला की आधी हात धुवायचे, मग स्टिअरिंगला लावून कपाळाला लावायचे, मगच चावी फिरवायची. लवूने ही रीत कधी मोडली नव्हती. त्याचे हात कोपरापर्यंत डिझेलने बरबटलेले. बाटलीतलं पाणी शेवंतीने नवऱ्याच्या तोंडावरून फिरवून संपवलेलं. उतरला खाली.

"दादा, कुणाशी बोलतोस?"

"पंपावरचा माणूस आहे गो."

"अरे, खाली कोणी नाही."

पण तोवर लवू वाकला होता. बोटं पाण्याला लागली होती. मान वर केली तर समोर माणूस नाही, शर्ट नाही, काही नाही. आणि पाण्यातून आलेला एक हात त्याच्या कोपराभोवती. थंड. ओढायला लागला. कोपर बुडालं. खांदा बुडाला. लवूने दुसऱ्या हाताने दगड धरला. मग ती पकड सरकली. कोपरावरून मनगटावर, मनगटावरून पंजावर. हात डिझेलने तेलकट, धरायला काही मिळेना. बोटांच्या टोकांशी आली आणि सुटली.

लवू रांगतच वर आला. त्याच हातांनी स्टिअरिंग धरलं. नमस्कार नाही, काही नाही. चावी फिरवली. सुरू झाली गाडी. ती दवाखान्याच्या दारातच थांबली.

भिकाजी वाचला. त्याचं एक बोट गेलं, पण वाचला. नर्स लवूला म्हणाली, जा, ते हात धुवून या. त्याने हात उजेडात धरले. काळ्या हातावर कोपरापासून खाली पाच पट्टे पुसून काढल्यासारखे स्वच्छ होते. तो नळाकडे गेला नाही. फडक्याला पुसले.

पुढे पंपवाल्याने टाकी उपसली. पाणी निघालं, भरपूर. शहाणी माणसं म्हणाली, बघा, पाणीच होतं. मीही म्हणतो, पाणीच होतं. तेच डिझेल भरलेली एक गाडी बाजारात बंद पडली, एक शाळेपाशी. लोकांनी ढकलत घरी नेल्या, झालं. पण रावजी टेमकराचा टेम्पो लवूच्या मागून म्हसकोंडीवर आला होता. सकाळी तो तिथेच उभा. बॉनेट लावलेलं, स्क्रू आवळलेला, गाडी चालू करून बघितली तर चालू. रावजी दुपारी मिळाला, डोहात. हात अगदी स्वच्छ होते त्याचे.

तेव्हा घाटीने जात जा. लांब पडली तरी घाटीनेच. आणि कधी नाइलाजाने त्या कॉजवेवर गाडी बसलीच, तर तसल्याच हातांनी स्टिअरिंग धरा. गणपती रागवत नाही.