अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल नाही

हॅलो? …हं, आई, बोल. हळू बोलतेय, गाइड मॅडमच्या खोलीबाहेरच उभी आहे… हो, चारलाच बोलावलंय. अजून पंचवीस मिनिटं आहेत. लॅपटॉप चालू आहे ना?

…चालू आहे, मग झालं काय?

…गार पडलाय? म्हणजे कसा? कोपऱ्यात किती आकडा दिसतोय?

…चौऱ्याण्णव. बरं. मी काय सांगितलं होतं, शंभराच्या पुढे गेला तर फोन कर… मग?

…काय घातलंस? …शाल? लॅपटॉपला?

…अगं, जुनी असली म्हणून काय झालं! आणि वरचा पंखा? …तोही बंद. किती वेळ झाला?

…वीस मिनिटं. ऐक… नाही, ओरडत नाहीये. ऐक ना. ते सेल्सिअस आहे गं. तापाच्या थर्मामीटरवरचं फॅरनहाइट नाही! पाणी शंभराला उकळतं, आणि हा चौऱ्याण्णववर आहे!

…हो, एकतीस वर्षं वॉर्डात काढलीस, माहितीये मला. पेशंट असता तर बरोबरच होतं तुझं. आता किती आहे?

…सत्त्याण्णव… अठ्ठ्याण्णव. …नाही! बरा होत नाहीये तो! अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल नाही, आई! शाल काढ. आधी शाल काढ.

…काढलीस? आता कडेला हात लाव. अलगद… भाजलं ना? पटलं आता?

…पंखा लाव, पाचवर. पडदा ओढ, टेबलावर ऊन येत असेल… आता मागची बाजू जरा उचल आणि खाली काहीतरी ठेव. हवा जायला जागा हवी… पुस्तकं नकोत, ती जाळीच बुजवतील… वाट्या? चालतील. पालथ्या घाल, दोन कोपऱ्यांना दोन. झाकण मिटू नकोस मात्र! मिटलं की तो झोपतो.

…नाही, आराम नाही द्यायचा त्याला! तीन दिवस गणित चाललंय, आई. कारखान्याचं सांडपाणी झिरपत झिरपत बारा विहिरींत किती पोचतं, त्याचं. अकरा विहिरी झाल्यात, एकेकीच्या आकड्याची ओळ पडद्यावर आलीय. बारावी झाली की तो नकाशा काढणार आणि मग सगळं एकदम साठवणार. त्याआधी बंद पडला तर काही म्हणजे काही उरत नाही.

…मधे मधे का नाही साठवत? …कारण मी अतिशहाणी. म्हटलं, तेवढाच वेळ वाचेल.

…बाबा कुठे आहेत? …फ्रीजपाशी? काय काढतायत? …बर्फ नको! सांग त्यांना, ट्रे परत आत ठेवा. अगं, त्याचं पाणी होणार, ते आत गेलं की संपलंच. त्यांना पुठ्ठ्याने वारा घालायला बसव… डाव्या जाळीवर नको, तिथून गरम हवा बाहेर येते. बाबा ती परत आत ढकलतील. खालून घालायला सांग.

…रुसले? रुसू देत. पण रुसल्या रुसल्या वारा घाला म्हणावं.

किती झाला? …शहाण्णव. छान. …पंचाण्णव. उतरतोय, आई, उतरतोय.

…काय? नवी ओळ आली? राहू दे ती आत्ता, तापमान सांग… वही काय शोधतेस? अगं, तापमान सांग ना!

…पुन्हा चढला? अठ्ठ्याण्णव… म्हणजे बारावी झाली असणार, नकाशा सुरू झाला. तेव्हाच सगळ्यात जास्त तापतो तो. चार मिनिटं लागतात. फक्त चार. बाबांना म्हणावं, जोरात… शंभर… बरं… एकशे दोन… हलवू नकोस, काही करू नकोस…

आई? …काळा म्हणजे? सगळाच? आतल्या पंख्याचा आवाज येतोय का? …काहीच नाही?

…म्हणजे बंद पडला. गेलं सगळं.

…नाही, तुझी चूक नाही. साठवायचं शेवटी ठेवलं ते मी. इतक्या उन्हाळ्यात तो घरी लावून आले तीही मीच… रडत नाहीये. मॅडम उद्या परदेशी जातायत, सहा महिन्यांसाठी. आज आकडे बघून सही केली नाही, तर प्रबंध थेट पुढच्या सत्रात. आत जाऊन सांगू काय? तीन दिवसांचं गणित शालीत गेलं?

…काय आहे? …तक्ता? कसला तक्ता?

…थांब, थांब. सावकाश सांग. वेळ, तापमान आणि शेरा… शेऱ्यात काय लिहायचीस?

…पडद्यावर येईल ती नवी ओळ? जशीच्या तशी? सोमवारपासून?

…आई, मगाचची ती ओळ… मी राहू दे म्हटलं होतं… तरी लिहिलीस?

…हो. डॉक्टर ओरडला तरी नर्सने लिहायचं असतं. कळलं. वाच. बारावी आधी वाच… शून्य पॉइंट चार एक सात… पुढचेही आहेत? …दोन, नऊ, नऊ. सहाच्या सहा! थांब, कागद नाहीये, तळहातावर लिहिते… नको, तू फोटोच पाठव. सगळ्या पानांचे.

…फेअर करत बसू नकोस गं! आहे तसं पाठव. गणित मी पुन्हा लावेन आणि ताडून बघेन. मॅडमना तसं स्पष्ट सांगेनच. पण आज दाखवायला हातात काहीतरी आहे.

…काय खोडू? …तेही लिहिलंस? 'तीन वाजून पंधरा मिनिटे, अंग गार, शाल घातली'? …हसतील तर हसू देत मॅडम. खोडायचं नाही. लिहिलेली नोंद खोडायची नसते हे मला कुणी शिकवलं?

…मग! खाली सही कर तुझी. वेळ घाल… हो मॅडम, आलेच, एकच मिनिट… आई, दार उघडलं, ठेवते. बाबांना पाणी दे, दमले असतील. आणि त्याला आता गार होऊ दे.

…नाही गं. अगदी गार पडला तरी शाल नको.