फाटकासमोरचा फोटो

मंडळी, वसंतभाऊंच्या शोकसभेला एवढी माणसं जमलीत, हॉलात बसायला जागा उरली न्हाई. मला बोलायला उभं केलंय खरं, पण समोर वहिनी बसल्यात. त्यांच्याकडं बघितलं की ठरवून आणलेलं समदं इसरते. मोडकंतोडकं बोलते, गोड मानून घ्या.

मी ठाकरवाडीची. भाऊंचा हितं कामशेतात फोटो स्टुडिओ. आमच्या भागातल्या लग्नांचे फोटो भाऊंनीच काढलेले. पेपरालाबी कधीमधी फोटो पाठवायचे.

आमच्या वाडीचं मसण वढ्याच्या पल्याड. वाट बापजाद्यांची. मधली जमीन एका बंगलेवाल्यानं घेतली, वाटेवर फाटक घातलं, कुलूप ठोकलं. मयत न्यायची कुठनं? विचारलं तर म्हणला, दुसरीकडं बघा. माणसानं मेल्यावर बी परवानगी मागायची का, मंडळी?

आमी बाया फाटकासमोर बसलो. रोज घोषणा. घसे बसले. पवना धरणाकडं जाणाऱ्या गाड्या काचा वर करून निघून जायच्या.

एक दिस भाऊ आले, कॅमेरा घेऊन. आणि आमी काय केलं, ठावं हाय? भाऊ म्हंजे लग्नाचे फोटोवाले. कॅमेरा दिसला तशा समद्या गप. पदर डोईवर घेतले. लेकरांची नाकं पुसली. म्हाताऱ्या पुढं, सुना मागं, ओळीनं उभ्या. माझी सासू मधोमध. भाऊ कावले. म्हणाले, अगं, लग्नाला आलाय का आंदोलनाला? हात वर करा, घोषणा द्या.

सासू म्हणाली, "भाऊ, पेपरात जायचंय. नीट दिसू द्या आमाला."

भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण लय येळ बटणच दाबलं न्हाई. मग म्हणाले, "व्हय मावशी. अशाच ऱ्हावा."

तो फोटो छापून आला. मागं कुलूपबंद फाटक, पुढं आमी, समद्या सरळ तुमच्याकडं बघतोय. मोर्चाचे फोटो लोक रोज बघत्यात अन् पान उलटत्यात. हितं थांबले. नागपूरकडची एक शाळेची बाई, ना वळख ना पाळख, विचारत विचारत वाडीवर आली. सासूचा हात धरून बसली. म्हणाली, मावशी, तुमी पेपरातनं माझ्याकडं बघितलंत, माझा चहा तसाच निवला.

आमी नागपूर कधी बघितलं न्हाई, मंडळी. सासूचे डोळे तितं जाऊन आले! आमी ओरडलो, तवा रस्त्यापल्याडसुदिक ऐकू गेलं न्हाई. गप उभं राह्यलो, ते एवढ्या लांब गेलं. हे कसं झालं, मी भाऊंना लय येळा विचारलं. म्हणायचे, मलाबी कळलं न्हाई गं, मी तर भलताच फोटो मागत व्हतो.

माणसं येत राह्यली. मग सरकारी कचेरीतले साहेब लोक आले. कुलूप निघालं.

त्या वाटेनं पहिली गेली ती माझी सासू. भाऊ आले. म्हटलं, भाऊ, कॅमेरा? म्हणाले, "आज मी खांदा द्यायला आलोय." अन् पार वढ्यापल्याडपतुर खांदा बदलला न्हाई. त्या दिसाचा फोटो कुणाकडंच न्हाई. तो आमी समद्यांनी डोळ्यात ठेवलाय.

आता हातातले मोबाइल खाली ठेवा, मंडळी. वहिनी, तुमी बसूनच ऱ्हावा. बाकीचे उभं राहू, अन् भाऊंसाठी घटकाभर गप राहू.