मास्तरांचं माप

मास्तर: (संध्याकाळी, आपल्या दुकानात) ...आणि सांगतो काय, तिथे मागची रांगच नव्हती!

बायको: नव्हती म्हणजे?

मास्तर: म्हणजे नव्हतीच! मी काय विचार करून गेलो होतो? व्यवसाय कार्यशाळा म्हणजे मोठा हॉल असेल, दोनशे माणसं असतील. शेवटच्या रांगेत खांबाआड बसावं, झकास डुलकी काढावी आणि पाचला घरी यावं. जाऊन बघतो तर वाचनालयाच्या माडीवरची एवढीशी खोली. आठ खुर्च्या, आणि त्याही गोल मांडलेल्या. गोलात माणसानं लपायचं कुठे?

बायको: म्हणून तर तिथे पाठवलं. फोनवरचे धंद्याचे धडे तुम्ही आवाज बंद करून बघता.

मास्तर: आवाज चालू ठेवला की काज वाकडं होतं माझं.

बायको: ती शर्टावर चिठ्ठी कसली?

मास्तर: 'शिंपी'. नावं नकोत, आपापला धंदा लिहा म्हणाली ती शिकवणारी. आपल्या धाकटीच्या वयाची पोरगी, आणि दिवसभर मला 'शिंपीकाका, शिंपीकाका'. एकवीस वर्षं सगळी गल्ली मला मास्तर म्हणते!

बायको: शिकलात काय ते सांगा.

मास्तर: चहा पांचट होता.

बायको: अहो, चहाचं नाही विचारलं मी. आपलं ठरलंय ना? सात वाजेपर्यंत मला त्या रेडीमेडवाल्यांच्या मॅनेजरला कळवायचंय. सोमवारपासून त्यांच्या अल्टरेशनच्या टेबलावर बसते की नाही. तुम्ही दिवसभर शिकायचं, येऊन खरं खरं सांगायचं आणि मग मी ठरवायचं.

मास्तर: तू ठरवलेलंच आहेस.

बायको: ठरवलेलं असतं तर तुमचं नाव घालायला मी स्वतः गेले असते का? बोला.

मास्तर: बोलतो, बोलतो. तिनं जोड्या लावल्या. शेजारच्याच्या दुकानात आपण गेलो तर आपल्याला काय अनुभव येतो, ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. फुलवाला झाला सायकलवाला, ड्रायव्हिंग शिकवणारा झाला नळवाला. अगं, त्या नळवाल्याची तर पार अब्रू गेली! सगळे म्हणाले, काम सोन्यासारखं करतोस बाबा, पण खाली वाकलास की पॅंट अशी उतरते की घरातली पोरं दुसऱ्या खोलीत जाऊन हसतात. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

बायको: आणि तुमच्या शेजारी कोण होतं?

मास्तर: होतं कुणीतरी.

बायको: कोण?

मास्तर: केकवाली.

बायको: मग?

मास्तर: मग काय? ती शिंपी, मी गिऱ्हाईक, असं ठरलं. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, बाई, तुम्हाला माझं दुकान माहीत तरी आहे का? ती नुसती हसली. त्या हसण्यानंच मला घाम फुटला.

बायको: आपल्याकडे आलेली होती?

मास्तर: तीन वर्षांपूर्वी. कोट शिवायला. मला काही आठवेना, पण तिला सगळं पाठ! उठली, केकच्या खोक्याची लाल फीत काढली, माझ्या पोटाला गुंडाळली आणि खिडकी म्हणजे तू बसतेस तो पडदा समजून ही बोंब मारली, 'लिही गं! पोट चव्वेचाळीस! सीट सेहेचाळीस! कापड जास्तीचं लागणार, आधीच सांगून ठेवते!'

बायको: अगंबाई!

मास्तर: खालून वाचनालयवाले बघायला आले. मी श्वास आत ओढून धरला, तर शर्टाचं बटण उडून त्या शिकवणाऱ्या पोरीच्या वहीवर! माझ्या हातचं बटण, विचार कर.

बायको: तुमच्या हातचं कुठलं? मी लावलंय ते.

मास्तर: हसू नकोस.

बायको: कुठे हसतेय?

मास्तर: खांदे हलतायत तुझे. आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, त्या दिवशी दुकानात माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं बसले होते, त्यांच्यादेखत यांनी माझी मापं पुकारली. कोट घेतला आणि परत या दुकानाची पायरी चढले नाही. आता दोन बस बदलून दुसऱ्या शिंप्याकडे जाते म्हणे.

बायको: मी किती वर्षं सांगतेय, माप हळू सांगा म्हणून?

मास्तर: तू सांगतेस ते पडद्याआडून, मशीन चालू असताना. मला ऐकू येत नाही.

बायको: म्हणजे तुमचं चव्वेचाळीस मला ऐकू येतं आणि माझं एक वाक्य तुम्हाला येत नाही?

मास्तर: तिथे मी हेच सांगितलं, तर त्या पोरीनंपण असंच विचारलं.

बायको: हुशार आहे पोरगी.

मास्तर: आणखी एक विचारू? ती केकवाली शेवटी ओरडली, 'अगं ए, झोपलीस का आत?' सगळे पोट धरून हसले. मला नाही हसू आलं. हे मी रोज म्हणतो?

बायको: रोज नाही.

मास्तर: नाही ना?

बायको: बुधवारी दुकान बंद असतं.

मास्तर: अगं, मग तू एकदा तरी भांडायचंस!

बायको: भांडून झालं. आता दुसरीकडे चाललेय. त्या मॅनेजरनं मला पहिल्याच भेटीत विचारलं, 'ताई, तुम्हाला उजेड कुठल्या बाजूनं लागतो?' एकवीस वर्षांत तुम्ही विचारलंत?

मास्तर: नाही.

बायको: मग?

मास्तर: ऐक. दुपारी तिनं शेवटचं विचारलं, तुमच्या दुकानात सगळ्यात चांगलं काय आहे, उभं राहून सांगा. माझं तयार होतं. कटिंग! माझ्यासारखी कात्री अख्ख्या बाजारात कुणाची चालत नाही. उभा राहिलो, तर ती केकवाली मध्येच म्हणते, 'यांनी शिवलेला माझा कोट बाहीत चुकला होता. आत बसणाऱ्या त्या बाईंनी उभ्या उभ्या उसवून नीट करून दिला, म्हणून लग्नात घालता आला.'

बायको: आठवते मला ती. करड्या रंगाचा कोट. बाही तुम्ही उलटी लावली होती.

मास्तर: थोडी तिरकी. उलटी नव्हे.

बायको: मग काय सांगितलंत उभं राहून?

मास्तर: कटिंग म्हणवेना. म्हटलं, जे सगळ्यात चांगलं आहे ते सोमवारपासून दुसऱ्यांच्या दुकानात जातंय. आणि बसलो. कुणी हसलं नाही गं. आठच माणसं होती, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. नळवाल्यानं त्याच्या वाटणीचं बिस्कीट मला दिलं.

बायको: ... खाल्लंत?

मास्तर: खाल्लं. तू जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय दुकान उघडायचं नाही. झालं, बोललो.

नळवाला: आहात का शिंपीकाका? सकाळचा नळवाला. म्हटलं, पॅंटचं आजच करून टाकू. उद्या तीन घरी नळ आहेत.

मास्तर: या, या! मागून उंच शिवू, गुडघ्याला दुहेरी कापड लावू. वाका, बसा, लोळा, पॅंट हलणार नाही. अगं, लिहितेस का? लिहिशील का?

बायको: (पडद्याआड आपल्या खुर्चीवर बसत) सांगा.

(मास्तर टेप लावतात आणि गुपित सांगावं तसं पुटपुटतात.)

बायको: काय?

मास्तर: सांगितलं की.

बायको: एक अक्षर कळलं नाही.

मास्तर: ओरडणार नाही मी.

नळवाला: खुशाल ओरडा हो काका. सकाळी आठ जणांत माझं सगळं निघालंय.

मास्तर: नाही. गिऱ्हाईकाचं माप ते गिऱ्हाईक आणि आपण, बास. अगं, तूच बाहेर ये ना.

बायको: बाहेर कुठे?

मास्तर: इथे, काउंटरला. खिडकीचा उजेड पण आहे. डावीकडून चालेल ना तुला?

बायको: डावीकडूनच लागतो. आणि आत कोण?

मास्तर: मी. कापायला मला पडदा आड येत नाही. तशीही माणसं माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहतात, तुझ्याशी नीट बोलतील.

बायको: भाऊ, जरा ही खुर्ची धरता का त्या बाजूनं? जड आहे.

नळवाला: धरतो की. पण वाकावं लागेल, ताई.

बायको: वाका. आम्ही तिकडे बघत नाही.

मास्तर: अगं, सातला पाच कमी आहेत. तुला फोन करायचा होता...

बायको: द्या इकडे. हॅलो? हो, मीच बोलतेय. सोमवारचं सांगायचं होतं. नाही, जमणार नाही. नाही हो, पगाराचं काही नाही. आमच्याकडे माझी खुर्ची बाहेर आलीये.