पानाबाहेरची जागा

—नाही नाना, मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, तेच सांगतेय मघापासून. घराला ओसरी असते ना — ओसरीवर काही पिकत नाही, म्हणून तिथं कांद्याच्या गोण्या रचतो का आपण? बरं, आपण रचतो. आपलं सोडा. पत्रिकेचं तसं नसतं. कडेनं बोटभर कागद कोरा ठेवला की मधलं नाव उठून दिसतं. हे बघा, 'चि. हर्षल'. दारात उभं राहून वाचता येईल. तुम्ही म्हणता तसं वर गणपती, चारी बाजूंनी वेल, दोन्हीकडं केळीचे खांब, खाली सनईवाले आणि उरलेल्या जागेत अख्खं गाव — मग त्यात नवरदेव शोधायला माणूस लावावा लागेल. बडोद्याला पाच वर्षं मी एवढंच शिकले, काय काढून टाकायचं ते. आणि ते बेलापूरला आणायचं म्हणून परत आले, कुणी बोलावलं नसताना. गावातल्या माणसाच्या हातातही देखणा कागद यावा — हो, माहितीय, पाठ झालंय तुम्हाला. आईलाही झालंय.

खुर्ची पुढं घ्या. ही निळी रेघ दिसते? ती छापली जात नाही, ती नुसती आपल्याला सांगते की इथून सुरू करा. वरच्या पट्टीवरून माउसनं खाली ओढायची. दोन रकाने पाडलेत, म्हणजे डावीकडचं नाव आणि उजवीकडचं नाव एका रेषेत येतं. पेठेत बाकीचे काय करतात, नाव सरकवायला स्पेसबार दाबतात, दाबतच राहतात — पडद्यावर सरळ दिसतं आणि कागदावर दात पडल्यासारखं. ह्या जुळणीच्या प्रोग्रॅमला, पेजमेकरला, टॅब दिलाय तो कशाला? एकदा टॅब लावला की नाव जागचं हलत नाही. आणि दोन ओळींमधलं अंतर सगळ्यांना सारखं, मग तो कारखान्याचा चेअरमन असो नाहीतर आपला सालगडी. तुम्ही चेअरमनसाहेबांना मोठं करा म्हणालात. जाड केलं. मोठं नाही केलं. नवरदेवापेक्षा चेअरमन मोठा दिसला तर सोनईची मंडळी विचारतील, मुलगी नक्की कुणाला दिलीय.

आता यादी. तुमची यादी जशीच्या तशी मारलीय, काना-मात्रा बदललेली नाही. 'सौ. कडूबाई', कंसात 'आत्या', वेगळी ओळ, जाड टाइप. बरोबरच आहे — आत्यानं उन्हाळ्यात हक्कसोड करून दिली, जमिनीतला हिस्सा तुमच्या नावावर सोडला, ती जाड टाइपात येणारच. मी तसं काही म्हणत नाही. गिऱ्हाईक सांगेल तसं. मुलीचं दुकान असताना बाप श्रीरामपूरला गेला असं लोकांनी म्हणू नये म्हणून तुम्ही इथं आलात, तेही मी मनावर घेतलेलं नाही. अडचण रकान्याची आहे. आत्याच्या खाली उजवीकडं एक ओळ रिकामी पडते. ही बघा. आता मीच मोकळ्या जागेचं एवढं कौतुक करते — पण ही ती जागा नव्हे. कडेची जागा आपण ठेवलेली असते. ही राहिलेली दिसते. आणि बेलापुरात पत्रिका हातात पडली की माणसं आधी कोण राहिलं ते बघतात, तिथी मागाहून. हे मला बडोद्यात कुणी शिकवलं नव्हतं, इथं आल्यावर कळलं. गावाला भरलेलं पान का लागतं — रिकामं दिसलं की लोक विचारतात, इथलं कुणाला काढलं?

काय टाकता? 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'? टाकलं असतं. पण हर्षलला भाचरं नाहीत, नाना. बहीण एकच आहे आणि तिचं लग्न झालेलं नाही. — हो, तुम्हाला माहीत असणार.

ते ना? ते पानाच्या बाहेर पडलंय. पेजमेकरची ही सोय फार चांगली आहे, पानाबाहेरची जागा. टेबल असतं ना, तसं. लागेल न लागेल ते तिथं काढून ठेवायचं — फाइलमध्ये राहतं, छापलं जात नाही. एक जास्तीचा गणपती आहे, कलश आहे, आणि ते 'कु. ज्ञानेश्वरी', कंसात 'बहीण'. मापाला मारलं होतं. रकाना भरतो का बघायला. भरतो. अगदी नेमकं बसतं, आत्याच्या खाली. मग बाहेर ठेवलं, तुमच्या यादीत नाही म्हणून.

पण मी सही करणार नाही असं कधी म्हटलं होतं? वाचून करते म्हटलं. तुम्ही तो माझ्या हक्कसोडीचा कागद ह्याच टेबलावर ठेवलात आणि खालच्या फुलीवर बोट टेकवलंत — 'हितं कर' — आणि मी वरून वाचायला लागले तर ओढून घेतलात. छापलेलं समोर आलं की वाचलं जातं माझ्याकडून, धंदाच तो. वाचायला शाळेत तुम्हीच घातलंत, सायकलवर बसवून. आणि मला रान घेऊन करायचंय काय, टाइप पेरायचाय? केली असती सही. त्याच दिवशी केली असती. नुसतं 'वाच, पोरी' म्हणाला असतात तर. आता करणार नाही. त्या दिवसापासून इथं माळ्यावर निजते, खाली प्रिंटर, वर मी, काही अडत नाही — आई भाकरी धाडते ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही, नसेल तर ऐकलं नाही असं समजा. कुठून कुठं गेले मी. रकान्यावर होतो आपण.

असं करू, आत्याची ओळ दोन्ही रकान्यांच्या मधोमध घेऊ. झालं. आता काही राहिलंय असं दिसत नाही. दिसतंय? नाही ना. हा घ्या नमुना. घडी घालू नका. सोनईच्या मंडळींची नावं तपासा, नवरीच्या, माधुरीच्या आजोबांचं विशेषकरून.

खाली? सगळ्यात खाली बारीक आहे ते? वाचा की. 'अक्षरजुळणी : ज्ञानेश्वरी, बेलापूर'. दुकानाचं आहे, प्रत्येक पत्रिकेवर जातं. यादीतलं नव्हे. नाही, इथून उचलता येत नाही, माउसनं धरलं तरी हातात येत नाही — ते मास्टर पेजवर आहे, दुकान उघडलं त्या दिवशी घातलेलं, त्यावरून सगळी पानं निघतात. काढता येतं, खोटं कशाला बोलू. मागं जाऊन काढावं लागेल. मी काढणार नाही. तुम्ही काढ म्हणा, मग ही फाइल फ्लॉपीत घालून देते, श्रीरामपूरला कुणीही काढून देईल. म्हणा.

घडी घालू नका म्हटलं ना.

राहू दे? बरं. मग राहू दे.

अजून थोडं मोठं? नाही नाना, ते मोठं करायचं नसतं. ते तेवढंच असतं. उठा आता, खुर्ची एकच आहे. या काकासाहेब, बसा. नाही, काही नाही, पत्रिका करत होतो.