घरची सुई

(नागपूरच्या एका जुन्या विणकर वस्तीतलं समाजभवन. नशा, सुया आणि एचआयव्ही यांविषयी वस्तीतल्या मुलांसाठी घेतलेलं सत्र नुकतंच संपलं आहे. सत्र घेणारा पंकज आणि रक्त तपासणारी भारती सामान आवरत आहेत.)

भारती : थेंब चांगला आला होता. गोल, भरलेला, तुझ्या बोटावर उभा राहिला. मग तू तो कापसाने टिपलास. किटच्या खाचेपर्यंत तो पोचलाच नाही.

पंकज : पोट्टे पाहून राहिले होते ना ताई. हात हालला असन.

भारती : तुझा हात कधी हलत नाही.

पंकज : मंग टाकला असन. तो डबा इकडे द्या, सुया टाकतो त्याच्यात.

भारती : डबा तुझ्यासमोरच आहे. पंकज, निकाल ज्याचा त्याचा असतो हे मुलांना कळावं म्हणून तू तुझं किट झाकून माझ्याकडे देतोस. नंतर मी ते उघडते. रक्त पडलं की खाच लाल होते, वाळली की तपकिरी. तुझी पांढरीच असते. आजची, मागच्या सत्रातली, त्याच्या आधीचीही.

पंकज : पण रेषा तं येते एक.

भारती : ती नुसत्या द्रावणानेही येते. किट चांगलं आहे, एवढंच ती सांगते. तुझ्याबद्दल काही सांगत नाही.

पंकज : म्हणजे किटले एचआयव्ही नाही. चला, बरं झालं.

भारती : हसू नकोस.

पंकज : हसून नाही राहिलो. तोंडच तसं आहे माहं. एवढ्या दिवसाचं माहीत होतं तं बोलल्या काहून नाही?

भारती : तपासणी माणसाच्या मर्जीने होते, हे मुलांना तूच सांगतोस. तुझी मर्जी दिसत नव्हती. सत्र घेणाऱ्याने आधी आपलं बोट टोचायचं, हा नियम मुलांची भीती जावी म्हणून आहे. तुला पकडायला नाही.

पंकज : मंग आज काय झालं?

भारती : आज तू माझ्या पिशवीवर लग्नाची पत्रिका ठेवलीस.

पंकज : हळदीले या म्हणून ठेवली. तुम्ही मागच्या वर्षी आपल्यासंग काम करणाऱ्या कुशलच्या हळदीले आल्या होत्या. नाचल्या नाही, पण जेवल्या पोटभर.

भारती : मुलीचं नाव वाचलं. रोशनी.

पंकज : उमरेडची. आमच्यासारखंच घर. पहिले माग होता, आता तिचा बाप किराणा चालवते. बोलते बम, थांबतच नाही.

भारती : तिला काय काय माहीत आहे?

पंकज : मी गांजा पेत होतो हे माहीत आहे. तिचा भाऊही पेते. त्याले कोणी काही म्हणत नाही.

भारती : आणि सुयांचं?

पंकज : ते नाही.

भारती : किती जण होतात तुम्ही?

पंकज : दोघंच. मी अन् मोहित. तुम्ही आमचं घर पाहिलं नाही ताई. माग इकला, पण मागाचा खड्डा राहिला मागच्या खोलीत. आजा त्याच्यात पाय सोडून बसे, पायानं माग चालवे. आम्हीही तसेच पाय सोडून बसत होतो. दार लोटलं का आईले वाटे, पोट्टे मोबाइल पाहून राहिले.

भारती : सुई एकच?

पंकज : एकच. खांबाच्या फटीत खोचून ठेवत होतो. आज्याची कापड शिवाची सुईही त्याच फटीत राहे. धागा तुटला, कोणाले काटा रुतला, ज्याले लागन त्यानं घ्याची अन् काम झालं का तिथंच लावाची. आमच्यात सुई घराची असते, कोणा एकाची नसते. तिची जागा सोडून ठेवली तं आजी शिव्या दे. आम्ही तेच केलं. धुवून लावत होतो, बरं का. मोहित तं फडक्यानं पुसे. आम्हाले वाटे, स्टेशनकडचे पोट्टे घाणेरडे, आम्ही साफ.

भारती : फडक्याने सुईच्या आतलं पुसलं जात नाही.

पंकज : आता मले माहीत आहे. आता मीच शिकवतो.

भारती : तो कधी आला होता का तपासायला?

पंकज : कोण, मोहित? तुम्हाले माहीत असन.

भारती : असलं तरी मी सांगणार नाही. कोणाचंच नाही.

पंकज : त्यानंच सांगितलं मले. निघाला त्याले. गोळ्या घेते, मामाच्या वावरात राहते पारशिवनीकडं. जाडा झाला साला. फोन करून म्हणे, तूही पाहून घे गा. म्या म्हटलं, हाव. तवापासून हावच म्हणून राहिलो.

भारती : मुलांना तू सांगतोस, वेळेवर कळलं तर गोळ्या घेऊन माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो.

पंकज : सांगतो ना. पोट्टे ऐकतेही. आज तो वस्तीतल्या ओमप्रकाशचा पोरगा तपासाले पहिला उठला, बाकीचे त्याच्या मागं. चांगलं झालं सत्र.

भारती : चांगलं झालं. तुला स्वतःला ते पटत नाही का?

पंकज : पटते. पण आत काही होत नाही. दात काढाच्या आधी डॉक्टर गाल बधिर करते, अन् मंग आपला गाल आपणच दाबला तं दुसऱ्याचा वाटते. तसं आहे. मोहितचा फोन आला तवाही मी जेवून राहिलो होतो. पुरं जेवलो. आईनं वरून भात वाढला, तोही खाल्ला. भेलो असतो तं कवाच तपासलं असतं.

भारती : आता एक विचारते. सत्रात विचारतो तसंच. रोशनीशी संबंध आले आहेत?

पंकज : एकदा.

भारती : कधी?

पंकज : साक्षगंध झालं, लग्न पक्कं झालं, त्याच्यानंतर. पोळ्याच्या वेळेस. तिच्या घरचे सारे मारबतीची मिरवणूक पाहाले नागपूरले आले होते.

भारती : कंडोम?

पंकज : ताई, मी पेट्याच्या पेट्या वाटतो.

भारती : वापरलास का, ते विचारते आहे.

पंकज : खिशात होता. काढला असता तं तिनं विचारलं असतं काहून. मंग काहूनचं उत्तर द्या लागलं असतं.

भारती : म्हणून काढला नाहीस.

पंकज : नाही काढला.

भारती : लगेच आली असती तर तिच्यासाठी औषध होतं. बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं. ते गेलं.

पंकज : माहीत आहे. चौथ्या तक्त्यावर आहे ते. मी तो तक्ता भिंतीले लावला अन् त्याच्यासमोर उभा राहून शिकवलं. त्याच हप्त्यात.

भारती : बस जरा.

पंकज : नाही, ठीक आहे. तुम्हाले वाटून राहिलं मी आता रडीन.

भारती : मला तसं वाटत नाही. ऐक. सुया सोडून तुला दोन वर्षं होऊन गेली. म्हणजे आज तपासलं तर तुझं स्पष्ट कळेल. किटवर काही दिसलं तर सरकारी केंद्रात पुन्हा नक्की करून घ्यायचं. मग तिचीही तपासणी, आणि काही आठवड्यांनी तिची परत एकदा.

पंकज : अन् माहं काहीच नाही निघालं तं?

भारती : तर तुझ्याकडून तिला काही लागलेलं नाही.

पंकज : मंग तिले सांगाची गरजही नाही.

भारती : ते मी ठरवू शकत नाही.

पंकज : मी हेच करत आलो ताई. पहिले तपासू, मंग सांगू. तपासलंच नाही, म्हणून सांगितलं नाही. साक्षगंध असंच निघून गेलं. लग्नही निघून जाईन. मंग एखादं लेकरू.

भारती : तुझा फोन वाजतो आहे.

पंकज : तिचाच असन. साडी घ्याले बर्डीच्या बाजारात आली आहे वहिनीसंग. हातमोजे आहेत माह्या हातात, तुम्ही लावा जरा. स्पीकरवर टाका.

भारती : हातमोजे काढ आणि बाहेर जाऊन बोल.

पंकज : नाही. बाहेर गेलो तं साडीचंच बोलून वापस येईन. तुम्ही राहा इथं. टाका.

रोशनी : काय जी, किती वेळचा फोन लावून राहिली. वहिनी म्हणते मोरपंखी घे, मी म्हणते राणी कलर. तुम्ही सांगा. अन् 'कोणताही' म्हणाल तं इथंच सोडून जाईन तुमाले, लग्नाच्या आधीच.

पंकज : दुकानात आहे का तू?

रोशनी : दाराशी. वहिनी आत त्या माणसाले पुरं दुकान उकलाले लावून राहिली.

पंकज : थोडी बाजूले हो. गर्दी नाही तिथं. अन् भारतीताई आहेत इथं, ऐकून राहिल्या.

रोशनी : नमस्कार ताई. काय केलं यांनी?

भारती : नमस्कार, रोशनी. तो बोलेल.

रोशनी : झाली बाजूले. मेट्रोच्या जिन्याखाली आहो. बोला. आवाज असा काहून आहे तुमचा, झोपेतून उठल्यावानी?

पंकज : साडी आज नको घेऊ.

रोशनी : तुमच्या आईनं पुन्हा मुहूर्त पाहाले लावला का?

पंकज : नाही वं. आईले काही माहीत नाही. मी पहिले सुईनं नशा करत होतो. मोहित अन् मी, एकाच सुईनं. सोडली, दोन वर्षांवर झाले. पण मोहितले एचआयव्ही निघाला. माहं मी आजवर तपासलं नाही.

रोशनी : कोण मोहित?

पंकज : साक्षगंधात नव्हता तो. मीच नव्हतं बोलावलं.

रोशनी : पोळ्याच्या वेळेस हे माहीत होतं तुमाले?

पंकज : हाव.

रोशनी : माहीत असून.

पंकज : माहीत असून.

भारती : रोशनी, तू एकटी आहेस का तिथे? वहिनीला बोलावून घे. मीही येऊ शकते.

रोशनी : नको ताई. वहिनीले काय सांगू मी? थांबा जरा. गाडी येऊन राहिली वरून, काही ऐकू नाही येत.

पंकज : थांबतो.

रोशनी : गेली. आता काय म्हणता?

पंकज : मी आत्ता रक्त देऊन राहिलो. काय निघालं ते तुह्याजवळ येऊन सांगतो. तोवर लग्न थांबलं असं घरी मी सांगन, माह्या नावानं. पुढं कराचं का नाही, ते तू सांगजो.