कंप्युटरला बांधलेलं गोणपाट

हसणार असाल तर हसा, पण आमच्या घरातला कंप्युटर बंद पाडणारा मीच होतो.

बोट विकल्यापासून माझ्या दोन्ही मुलांचं एकमेकांशी बोलणं तुटलं होतं. थोरला पालघरला, धाकटा माझ्यापाशी. रविवारी दुपारी तेवढे दोघं आपापल्या घरून कंप्युटरवर लढाईचा गेम खेळायचे, तेव्हाच काय ते बोलायचे. पण अर्ध्या तासात धाकट्याचा कंप्युटर फट्‌कन बंद. थोरल्याला वाटायचं, यानेच रागाने बंद केला.

धाकट्याने कंप्युटरचा खोका बोईसरला दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे दिवसभर चालला. घरी आणला, की परत तेच.

"बाबा, आपल्या घरातच काय तरी हाय."

मी खोक्यावर हात ठेवला. तवा तापावा तसा तापलेला. बोटीचं इंजिन असं तापलं, की आम्ही आधी पाणी ओढायची नळी बघायचो.

"याला वारा कुठून मिळतो रे?"

"मागच्या जाळीतून."

मी मागे हात घालून गोणपाटाचं टोक पुढे ओढलं. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून, इंजिनाला बांधायचो तसं, भिंतीकडच्या त्याच जाळीवर मी गोणपाट बांधलं होतं. दुकानात नेताना मीच सोडलं, आल्यावर परत बांधलं होतं.

"बाबा, तुमी?"

"मीच रे."

गोणपाट सोडलं. मग खेळ दोन तास चालला. मी कान देऊन बसलो, म्हटलं आता बोटीचं काहीतरी निघेल.

"मागं बघ." "डावीकडं घे." "थांब, मी हाय."

बोटीवर होते तेव्हाही दोघं एवढंच बोलायचे.