वाणाच्या जागी आशाबाई

...आन् चालून तं राह्यलं होतं न बाप्पा! मंग हात लावाची गरज काय होती? तुम्हाले सांगतो, आमच्या सिंदेवाहीकडच्या बीज समितीतला हेमराज म्हणजे कम्प्युटरमधला लय हुशार पोरगा, पन अकरा महिन्यांच्या करारावर. अध्यक्ष देवरावभाऊ म्हणाले होते, पेरणीच्या आत वेबसाइट पळाली पाहिजे, मंग तुले पर्मनंट करतो. बसला न पोरगा उकरत!

जुनी साइट रखडत चाले, खरं आहे. कोनी आपल्या घरच्या धानाचं वाण नोंदवलं का सर्वर डेटाबेसले दर वेळी अख्खी चिठ्ठी नव्यानं लिहे, आन् डेटाबेस ती पयल्यापासून वाचत बसे. हेमराज म्हणे, छापील फारम ठेवू. मजकूर तोच, गाळलेल्या जागा तेवढ्या भराच्या. याले म्हणते बाइंड व्हेरिएबल! तिथंच थांबेल तं हेमराज कसला? नोंद करा, शेतकऱ्याले मेसेज धाडा, लोकाईले बियाणं मागता यावं म्हणून वाण यादीत चढवा, हे सारं त्यानं डेटाबेसलेच शिकवून ठेवलं... स्टोअर्ड प्रोसिजर म्हणते बावा त्याले. सर्वरनं नुसती हाक माराची. पळाली साइट! हेमराजची माय तं पेढे सांगून मोकळी. पन पयलेही चालूनच राह्यलं होतं न!

आता गाळलेल्या जागा म्हटल्या तं क्रमानंच भराव्या लागते. पयली वाणाची, दुसरी मालकाची. पन आपल्याकडं बांधावरचा मानूस पयले काय विचारते? कोनाचं धान हो? ज्याच्या घरून बी आनलं त्याचंच नाव त्या धानाले... रुखमाचं धान, बापूजीचं धान. हेमराज बी इथलाच. त्यानं पयले मालक भरला, मंग वाण. डेटाबेस थोडीच म्हणनार का ही बाई आहे, धान नाई?

आशाबाईनं आपलं लालधान नोंदवलं, आन् सकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज: "नमस्कार लालधानजी, आपली आशाबाई नोंदवली आहे. दाणा जाड. एकशे चाळीस दिवसांत तयार होते. वाऱ्यात लोळते."

आशाबाई लोळते? अहो, वाराच तिले भिते! दहाच्या एसटीनं ती समितीत हजर. पर्मनंटचा कागद देवरावभाऊच्या टेबलावर बिनसहीचा, आन् हेमराजचं तोंड पार उतरलेलं. बिचाऱ्यानं हात जोडले, वीस मिनिटांत जागा पालटल्या, आशाबाईले यादीतून उतरवलं. मिटलं? कुठी! तोवर बासष्ट लोकांनी आशाबाईचं बियाणं मागून ठेवलं होतं. वळखीचं नाव न ते, लालधानाले कोन विचारते?

देवरावभाऊ पेन ठेवून द्यायले लागले, तं आशाबाईच मधी पडली.

"बासष्ट? मंग मले उतरवलं काऊन? चढव परत. पन ते जाड आन् लोळते काढ पयले."

चढवली. भाऊनं हसत सही ठोकली. झाला हेमराज पर्मनंट, आन् ताप बी पर्मनंट. आता साऱ्याच बायांले वाण व्हाचं आहे न! काल आशाबाई पुन्हा आली, यादीत नवीनच चढलेल्या रीताच्या नावावर बोट ठेवून उभी... "ही एकशे दहा दिवसांत तयार होते, आन् मले एकशे चाळीस काऊन लागते रे?"

करारावरचा असता तं पळून गेला असता. पर्मनंट मानसानं जावं कुठी? वीस दिवस कमी केले बिचाऱ्यानं.